आधी जमीन, मग घर : रेवसच्या प्लॉटवरचा एक धडा

आधी एक कबुली. सॉईल मेकॅनिक्सच्या पेपरात मी काठावर पास झालेला माणूस आहे. कन्सॉलिडेशनचं प्रॅक्टिकल ज्या दिवशी होतं त्या दिवशी मी होस्टेलवर झोपलो होतो आणि जर्नल रूम पार्टनरचं बघून पूर्ण केलं होतं. (सरांनी हे वाचलं तर माफी असावी!) तेव्हा मी या विषयावर लेख लिहिणं म्हणजे जरा विनोदच. पण गेल्या वर्षी आमच्या घरच्या बांधकामाच्या निमित्ताने हा विषय मला नव्याने शिकावा लागला. या वेळी परीक्षेत मार्क नव्हते, बाबांचा प्रॉव्हिडंट फंड होता. म्हणून हा लेख.

प्लॉट आणि स्वप्न

अलिबागपासून वीस-बावीस किलोमीटरवर, धरमतर खाडीच्या तोंडाशी रेवस आहे. समोर उरणकडचं कारंजा. मधून तर चालते. अंबा आणि पाताळगंगा या दोन्ही नद्या याच खाडीला मिळतात आणि आपला गाळ इथेच आणून टाकतात. ओहोटीच्या वेळी धक्क्यावर उभं राहिलात तर हा गाळ डोळ्यांनी दिसतो. करडा, चकचकीत, पाय टाकला तर गुडघाभर आत जाईल असा. मी लहानपणापासून तो बघत आलोय. पण तोच गाळ आपल्या प्लॉटखालीही असू शकतो, हे काही कधी डोक्यात आलं नाही.

रेवसजवळ बाबांनी चार गुंठ्यांचा प्लॉट घेतला. रस्त्याला लागून, मागे खाडीचा मोकळा देखावा, वर छान तांबडा मुरूम पसरून सपाट केलेला. निवृत्त झाल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशात इथे दुमजली घर बांधायचं, हे ठरलेलं. आईचा हट्ट एकच होता, वरच्या मजल्यावर खाडीकडे तोंड असलेली गॅलरी हवी. आईचं माहेर बोडणीचं. होड्या दिसल्या नाहीत तर तिला करमत नाही.

ठेकेदार बघायला आले. त्यांनी टाचेने मुरूम दाबून पाहिला आणि म्हणाले, "कडक जमीन आहे, काका. मीटर-सव्वा मीटर खोदू, फुटिंग टाकू. बेअरिंग पंधरा टन धरू." बाबा खूश. मीही मान हलवली, कारण पंधरा टन हा आकडा ओळखीचा वाटला!

आजी काय म्हणाली

त्याच रात्री जेवताना आजीने विचारलं, "कुठला रे प्लॉट? उघाडीच्या अलीकडचा ना? अरे, ते तर खाजण. आमच्या वेळी बांधाला खांड गेली की भातात मासे पकडायचो तिथं."

मला घास गिळवेना. आमच्या भागात खारबंदिस्ती ही शेकडो वर्षांची गोष्ट आहे. खाडीच्या पाण्याला बांध घालायचा, पाणी सोडायला उघाडी ठेवायची, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं आणि मग भात लावायचं. पूर्वी शिलोत्री पद्धत होती. म्हणजे शेतकऱ्यांकडून भात घेऊन कुणीतरी बांध राखायचा. पुढे सरकारने १९४८ आणि १९७९ साली खार जमिनींसाठी कायदे केले. आसपासच्या गावांची नावं तरी बघा. मिळकतखार, नवखार. जमिनीचा रिपोर्ट गावाच्या नावातच लिहून ठेवलाय, फक्त आपण वाचत नाही.

पुस्तकात जमीन तपासणीची पहिली पायरी 'रेकनेसन्स' म्हणून दिलेली असते. ओरलला आपण ती घडाघडा सांगतो. तिचा खरा अर्थ मला त्या ताटावर कळला. म्हाताऱ्या माणसांना विचारणं, शेजारच्या विहिरी बघणं, आसपासच्या घरांच्या भिंती बघणं, हेच ते रेकनेसन्स. दुसऱ्या दिवशी गुगल अर्थवर त्या जागेची जुनी चित्रं काढली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे शेत होतं, पावसाळ्यात पाण्याने भरलेलं. मुरूम नंतरचा. मग शेजारची चार घरं फिरून पाहिली. त्यातल्या दोन घरांत खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरक्या भेगा होत्या आणि एका घराची पायरी जोत्यापासून सुटून दोन बोटं खाली गेली होती. घरमालक म्हणाले, "प्लास्टर खराब निघालं." मी काही बोललो नाही. पण तिरकी भेग म्हणजे बहुतेक वेळा पाया एका बाजूला जास्त खचल्याची खूण असते, हे आठवत होतं.

खड्डा

बाबांना मी सांगितलं तेव्हा ते चिडले. "तुझी आजी साठ वर्षांपूर्वीचं सांगते. आता भराव घातलाय ना?" मग एक तडजोड झाली. एक चाचणी खड्डा मारायचा. मुरूम खोल असेल तर मी गप्प बसायचं.

खाडीकडच्या अंगाला दीड मीटर बाय दीड मीटरचा खड्डा घेतला. १.२ मीटरपर्यंत मुरूम. त्याखाली फावड्याला एकदम वेगळी माती लागली. काळपट, चिकट, वास मारणारी. तिच्यात भाताची कुजलेली मुळं आणि शिंपल्यांचे तुकडे. म्हणजे आजीचं शेत भरावाखाली जसंच्या तसं होतं! बाबांनी ती मुळं हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिले.

इथे एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. मी नमुना घ्यायला खड्ड्यात उतरलो. खड्डा तोवर दीड मीटरच्या खाली गेला होता, खाली पाणी झिरपत होतं आणि कडांना फळ्या लावल्या नव्हत्या. अचानक एका बाजूचा मुरूम सुटला आणि मी मांडीपर्यंत गाडला गेलो. ओढून काढलं, लागलं काही नाही. पण मी वाकलेला असतो तर? भरावात आणि ओल्या मातीत छातीइतक्या खोल खड्ड्यात आधाराशिवाय उतरायचं नाही. खाली बघायचं असेल तर हाताचा ऑगर वापरा, वर उभं राहून.

ऑगरने पुढे गेलो. अंदाजे एक मीटर जुन्या शेताचा जरा सुकून घट्ट झालेला थर. त्याखाली अंगठा दाबला तर सहज आत जाणारा करडा गाळ. पुस्तकी भाषेत 'सॉफ्ट मरीन क्ले'. आमच्या भागाचा पाया म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट. त्यावर खाड्यांच्या तोंडाशी साचलेला हा गाळ फार तर गेल्या दहा हजार वर्षांतला. खडकाच्या मानाने कालचं पोरच!

बोअर

आता बाबाच म्हणाले, नीट तपासून घेऊ. आयएस १८९२ च्या १९७९ च्या आवृत्तीत सांगितलं आहे की सुमारे ०.४ हेक्टरच्या जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर किंवा खड्डा पुरतो. लहान इमारतीला मधोमध एकही चालतो. पण खाडीकाठी एकावर विसंबू नका, असं आमच्या सरांनी बजावलं. म्हणून आम्ही दोन घेतले, एक रस्त्याच्या बाजूला आणि एक खाडीच्या.

बोअरमध्ये स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट करतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडायचा आणि तळाची नळी ४५ सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. पहिले १५ सेंटीमीटर सोडून द्यायचे. उरलेल्या ३० सेंटीमीटरचे ठोके म्हणजे एन व्हॅल्यू. आमच्या गाळात ती आली २ आणि ३! एकदा तर पहिल्या ठोक्यातच नळी सर्रकन खाली गेली. मशीनवरचा माणूस माझ्याकडे बघून हसला.

निकाल असा होता :

खाडीच्या बाजूला – भराव १.२ मीटर, घट्ट थर १ मीटर, मऊ गाळ ३ मीटर, म्हणजे ५.२ मीटरवर झिजलेला बेसाल्ट.

रस्त्याच्या बाजूला – भराव ०.६ मीटर, घट्ट थर ०.८ मीटर, मऊ गाळ १ मीटर, म्हणजे २.४ मीटरवर बेसाल्ट.

एकाच चार गुंठ्यांत खडक जवळजवळ तीन मीटरने खाली उतरत होता. एकच बोअर रस्त्याकडे घेतला असता तर आम्ही निर्धास्त झोपलो असतो.

गणित : भराव हेसुद्धा एक घर आहे

मला सगळ्यात जास्त धक्का याच भागाने दिला. म्हणून जरा धीराने वाचा. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनाही कळेल.

आधी बेअरिंग. या गाळाची न निचरता मिळणारी कातरताकद प्रति चौरस मीटर १.५ टन निघाली. तिला ५.१४ ने गुणलं आणि सुरक्षिततेसाठी ३ ने भागलं की येतात सुमारे २.६ टन. ठेकेदारांनी धरले होते पंधरा! वरचा मुरूम फुटिंगला थोडा आधार देतो, पण दाब पसरत पसरत शेवटी गाळावरच जातो.

आता खचणं. एक घनमीटर दाबलेल्या मुरुमाचं वजन सुमारे १.८ टन. १.२ मीटर भराव म्हणजे दर चौरस मीटरवर २.१६ टन. साध्या दुमजली घराचं वजन त्याच्या क्षेत्रफळावर सरासरी पसरलं तर तेही दर चौरस मीटरला साधारण २ टनच येतं. म्हणजे एक वीटही न रचता आमच्या गाळावर एक अख्खं घर आधीच ठेवलेलं होतं! आपण समजतो भराव घातला की जमीन मजबूत झाली. मऊ गाळावर उलटं होतं. भराव हा पाया नव्हे, ते ओझं आहे.

गाळ खचतो कसा? त्याच्या कणांमध्ये पाणी भरलेलं असतं. वरून वजन आलं की सुरुवातीला ते पाणीच पेलतं. मग पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, कण जवळ येतात आणि थर बसतो. कार्ल टेर्झागी यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात हा विचार शास्त्र म्हणून मांडला आणि तिथून आपला हा विषय सुरू झाला. ओला स्पंज दाबून बघा, तेच तत्त्व. फरक एवढाच की गाळाची छिद्रं इतकी बारीक असतात की पाणी निघायला वर्षं लागतात.

कॉलेजच्या लॅबमध्ये नमुना तपासला (या वेळी प्रॅक्टिकलला हजर होतो!). कॉम्प्रेशन इंडेक्स ०.६ आणि व्हॉइड रेशो १.८ आला. त्यावरून खाडीच्या बाजूला एकट्या भरावाने एकूण सुमारे १७ सेंटीमीटर खचणं निघालं. वर घर चढवलं की एकूण २७. म्हणजे घरामुळे आणखी १०. रस्त्याच्या बाजूला हीच घराची भर ५ सेंटीमीटरच्या आसपास. आयएस १९०४ (१९८६) मध्ये चिकण मातीवरच्या सुट्या फुटिंगला एकूण ७५ मिलिमीटर मर्यादा आहे आणि शेजारच्या कॉलमांमधला फरक दर मीटरला दीड मिलिमीटर. आमच्याकडे १२ मीटर लांबीच्या दोन टोकांत ५ सेंटीमीटर फरक, म्हणजे मीटरला चार मिलिमीटरहून जास्त! घर सगळं सारखं खाली गेलं तर पायऱ्या आणि पाइप बिघडतात. एका बाजूने गेलं तर भिंती फाटतात. इटलीतल्या पिसाच्या मनोऱ्याचा आजार हाच होता. ११७३ मध्ये काम सुरू झालं आणि खालची मऊ माती एका बाजूला जास्त बसली. मधे काम रखडलं म्हणून मातीला बसायला वेळ मिळाला, नाहीतर तो तेव्हाच पडला असता असं तज्ज्ञ मानतात.

"मग थांबू की. भराव बसेपर्यंत," बाबा म्हणाले. प्रश्न अगदी योग्य होता. उत्तर पाणी कुठून निघतं यावर ठरतं. आमच्या गाळाचा कन्सॉलिडेशनचा गुणांक वर्षाला सुमारे १ चौरस मीटर. पाणी वरून आणि खालून दोन्हीकडून निघालं तर ९० टक्के खचायला साधारण दोन वर्षं. खालचा खडक बंद असेल आणि पाणी फक्त वरून निघालं तर साडेसात वर्षं. वाट दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. आणि तरीही घराचे दहा सेंटीमीटर उरतातच.

मग केलं काय?

आमच्यापुढे चार पर्याय होते.

१. ठेकेदारांचं उथळ फुटिंग. बाद.

२. पूर्ण घराखाली राफ्ट. यात तडे कमी होतात, पण खालचा गाळ एका बाजूला एक मीटर आणि दुसऱ्या बाजूला तीन मीटर. अख्खा राफ्टच कलणार. बाद.

३. खडकापर्यंत पाइल. चांगला उपाय, पण खचणारा भराव आणि गाळ पाइलला आपल्याबरोबर खाली ओढतात. याला निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन म्हणतात. ते ओझंही पाइलवर धरावं लागतं. एका घरासाठी मशीन आणायचं तर खर्च आमच्या आवाक्याबाहेर. काळ्या मातीत वापरतात त्या अंडर-रीम्ड पाइल इथे सुचवणारे भेटले. पण पाण्याखालच्या मऊ गाळात त्यांचा फुगा टिकणं कठीण.

४. घर सरकवायचं. रस्त्याच्या बाजूला, जिथे खडक जवळ आहे. आणि एक मजला कमी.

आम्ही चौथा घेतला. त्याआधी नव्या जागेच्या मागच्या कडेला तिसरा बोअर मारला. खडक ३.१ मीटरवर मिळाला. मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, पंप लावून आणि कडांना आधार देऊन प्रत्येक फुटिंग खडकावर नेलं. कॉलम जमिनीलगत बीमने एकमेकांना बांधले. तळमजल्याची फरशी भरावावर न टाकता या बीमवर स्लॅब घालून केली, कारण भराव अजून खचणारच आहे. खचू दे बिचारा, फरशी त्याच्यावर नाही. गटाराचा पाइप घराबाहेर पडतो तिथे लवचीक जोड दिला, नाहीतर पहिल्यांदा तोच मोडतो.

खाडीकाठचं आणखी एक दुखणं म्हणजे मीठ. विहिरीचं पाणी तपासलं तर खारट. आयएस ४५६ (२०००) प्रमाणे आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, सळई गंजते. म्हणून पाणी टँकरचं, वाळू किनाऱ्यावरची मुळीच नाही, काँक्रीट एम-३० आणि फुटिंगला ५० मिलिमीटर कव्हर. सीआरझेडचे नियमही (१९९१, मग २०११ आणि २०१९) आधीच बघून घेतले. खाडीजवळ ते न बघता पाया खणू नका.

तीन बोअर आणि लॅब मिळून खर्च आला घराच्या अंदाजपत्रकाच्या साधारण एक टक्का. ठेकेदारांनी सुरुवातीला नाक मुरडलं. नंतर पंपाशी रात्रभर तेच बसले होते. एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

हिशेब

आईची गॅलरी गेली. हे मी गाळून लिहू शकलो असतो, पण ते खरं ठरलं नसतं. मी आकडे दाखवत होतो तेव्हा ती काही बोलली नाही. नंतर फक्त म्हणाली, "मग मागे एक बाकडं तरी ठेवा." प्लॉटच्या खाडीकडच्या भागात आता दोन नारळ आहेत आणि एक बाकडं. परवा बघितलं तर बाकड्याचा एक पाय थोडा खाली गेलाय. आई त्याखाली फरशीचा तुकडा सरकवते आणि बसते. त्या जागी घर असतं तर खाली काय सरकवलं असतं?

शेवटी आपल्या होस्टेलच्या मंडळींना विनंती. आपल्यातले निम्मे कुणी कोकणातले, कुणी काळ्या मातीच्या गावचे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी येत्या पाच-दहा वर्षांत घर बांधायचा विषय निघणार आहे आणि घरचे तुम्हालाच विचारणार आहेत, "तू इंजिनिअर ना?" तेव्हा प्लॅन काढायला बसण्याआधी एवढं करा :

– गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, इथे पूर्वी काय होतं.

– शेजारची घरं आणि विहिरी बघा, शक्यतो पावसाळ्यात.

– भराव असेल तर तो कधी घातला आणि किती जाड आहे हे आधी शोधा. खड्डा भरावाच्या खाली गेला पाहिजे, भरावातच संपता कामा नये.

– बोअर एकावर थांबवू नका. जमीन उताराची किंवा खाडीची असेल तर दोन टोकांना तरी घ्या.

– रिपोर्ट हातात आल्यावर घराची जागा बदलायची तयारी ठेवा. ती नसेल तर तपासणी करून उपयोग नाही.

आणि हो, कन्सॉलिडेशनच्या प्रॅक्टिकलला झोपू नका!